कॅरेटला कुलूप

दुधाच्या रिकाम्या कॅरेटचा आमच्या घरात जेवढा उपयोग झाला, तेवढा सागवानी कपाटाचाही झाला नाही. आनंद नगरात माझं दुधाचं दुकान आहे. पहाटे टेम्पो येतो, भरलेली कॅरेट उतरवतो आणि आदल्या दिवशीची रिकामी घेऊन जातो. ती प्लास्टिकची जाळीदार कॅरेट डेअरीची असतात. त्यातलं एकही मी कधी घरात नेलं नाही. पण मागे एक लहान डेअरी बंद पडली आणि तिची काही कॅरेट माझ्याकडेच राहिली. मी फोन केले, टेम्पोवाल्याबरोबर निरोप धाडले. न्यायला कोणी आलं नाही. एक अख्खा उन्हाळा वाट पाहिली आणि मग ती मी आत घेतली.

एकात कांदे ठेवले. एकात चपला. एक न्हाणीघरात उलटं टाकलं, त्यावर बसून आंघोळ करता येते. लाकडी पाट कुजायचा, हे कुजत नाही आणि पाणीही खालून निघून जातं. एकावर कूलर बसवला. दह्याचं कॅरेट दुधाच्या कॅरेटपेक्षा बुटकं असतं, त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. मी चौथीपर्यंत शिकले. घर कसं लावावं याचं पुस्तक काही वाचलेलं नाही, पण वस्तू दिसली की तिचं काय करायचं ते मला सुचतं.

एका सकाळी दुकानातून घरात आले तर स्वयंपाकघरभर कांदे. टेबलाखाली, शेगडीच्या ओट्याखाली, दारापर्यंत घरंगळलेले.

"अहो, कांदे खाली का पडलेत?"

"कॅरेट घेतलं मी," हे अंगणातून म्हणाले.

"कशाला?"

"होडीत सामान ठेवायला. होडीत सामान इकडेतिकडे घरंगळतं."

"आणि कांदे घरंगळलेले चालतात?"

"कांद्यांना गळ नसतात. पायात रुतायचं भय नाही."

या होडीबद्दल आधी सांगायला हवं.

आमचे हे कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर वर्ध्याकडून मी इथे हिंदी मुलखात आले ती त्यांच्या नोकरीमुळेच. नोकरी संपली तेव्हा कारखान्याने त्यांना शाल दिली, हार घातला आणि माझ्या दुकानात आणून सोडलं. म्हणजे सोडलं नाही, हे आपल्या पायांनी आले. पण येऊन बसले ते उठेनात. दुकान मी एकटीने वर्षानुवर्षं चालवलेलं, त्यात यांना सगळंच चुकीचं दिसायला लागलं. कॅरेट ठेवायला त्यांनी लोखंडी मांडणी केली, इतकी उंच की वरच्या कॅरेटला माझा हात पोचेना. गिऱ्हाइकांना रांगेत उभं केलं. शेजारच्या एका सुनेला विचारलं, "तुम्ही घरात माणसं तीन, मग एवढं दूध कशाला नेता?" ती पंधरवडाभर आली नाही. फोनवरून पैसे आले की माझ्याकडचा स्पीकरचा डबा तो आकडा मोठ्याने सांगतो. हे त्यालाही दर वेळी "ठीक है" म्हणून उत्तर द्यायचे.

तर असं चाललेलं असताना शेजारच्या घरातल्या भाडेकरू मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली. त्याच्याकडे एक नारिंगी रंगाची लांबट प्लास्टिकची होडी होती, एका माणसाची, वरतीच बसायची. तो तिला कयाक म्हणायचा. ती तो यांना देऊन गेला. हथाईखेडा धरण आमच्यापासून जवळ. नोकरीत असतानाही सुट्टीच्या दिवशी हे तिथे काठावर गळ टाकून बसायचे. आता पाण्यात जायला लागले. मच्छीमारांच्या सोसायटीत जाऊन रीतसर परवानगी घेतली. आमच्या मुलीने त्यांना तरंगायचं जॅकेट आणून दिलं, ते घातल्याशिवाय जायचं नाही असं बजावून. होडीला दोन चाकांचा गाडा करून स्कूटरमागे बांधून हे सकाळी निघायचे ते दहाला परत.

होडी आली आणि माझं दुकान मला परत मिळालं. म्हणून कांद्यांबद्दल मी फार बोलले नाही. कांदे पोत्यात भरले आणि दुकानात गेले.

यांनी मला मोबाईलवर दाखवलं. कुठल्यातरी देशातले लोक अशाच होड्यांत बसलेले आणि प्रत्येकाच्या पाठीमागे दुधाचं कॅरेट. कॅरेटला नळ्या लावलेल्या, नळ्यांत मासे धरायच्या काठ्या उभ्या.

"बघ. तिकडेही दुधाचंच कॅरेट वापरतात."

"तिकडेही डेअरी बंद पडली असेल," मी म्हटलं.

मग चार दिवस अंगणात ठोकाठोक. मला वाटलं, नळ्या लावतायत. पण यांनी उभा जन्म कारखान्यात काढला, जिथे एकेक यंत्र घराएवढं. हलकी वस्तू म्हणजे कच्ची वस्तू, असं यांच्या डोक्यात पक्कं. त्यांनी कॅरेटच्या चारी कडांना लोखंडी पट्ट्या लावल्या. प्लास्टिकच्या नळ्या नकोत, म्हणून लोखंडी पाइप बसवले. वर पत्र्याचं झाकण, झाकणाला बिजागऱ्या, कडी, आणि कडीला कुलूप. शिवाय अख्खं कॅरेट साखळीने होडीला बांधलं.

"कुलूप कशाला?" मी विचारलं.

"हत्यारं उघडी ठेवायची नसतात. कारखान्यात पेटी उघडी राहिली की पकड गेलीच समज."

"मधल्या पाण्यात कोण येणार आहे चोरायला?"

"चोराचं काही सांगता येतं का?"

किल्ली गळ्यात. सुती दोऱ्यात ओवलेली. दोरा आखूड, कारण लांब ठेवला तर किल्ली पाण्यात लोंबेल. सगळा विचार केलेला होता. मी एवढंच म्हटलं, की हे कॅरेट उचलायला आता दोन माणसं लागतात. हे म्हणाले, "पाण्यात वजन लागत नाही."

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी दहा वाजले, हे आले नाहीत. साडेदहाला आले. ओले, चष्मा नाही, आणि होडीचा गाडा ओढायला जाळी टाकणाऱ्यांपैकी एक जण बरोबर. त्या धरणात काही मच्छीमार ट्रकच्या चाकाच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. हा त्यांतलाच.

"सामान एकही गेलं नाही," हे दारातूनच म्हणाले. "सगळं कुलपात होतं."

काय झालं ते मला त्या ट्यूबवाल्याने सांगितलं. यांना गळ बदलायचा होता. गळांची डबी कॅरेटमध्ये, कॅरेट पाठीमागे, कॅरेटला कुलूप, आणि किल्ली गळ्यात. यांची मान वर्षानुवर्षं यंत्राखाली वाकून आखडलेली. नुसती मान वळत नाही, आमचे हे मागे बघायचं तर अख्खे वळतात, कपाटासारखे. तर हे अख्खे वळले, आणि दोरा आखूड म्हणून किल्ली कुलपाला लागेपर्यंत गळाच कुलपाकडे नेला. होडी कुशीवर झाली आणि पालथी पडली. जॅकेटमुळे हे वर आले. पण होडी काही सरळ होईना. लोखंडी कॅरेट साखळीला खाली लोंबत होतं, विहिरीत टाकलेल्या बादलीसारखं. दोन ट्यूबवाल्यांनी मिळून काठाला ओढलं.

"अम्मा, पेटी में क्या था? सोना?" त्याने मला विचारलं.

"गळ आणि पिठाचा गोळा," मी सांगितलं. तो हसत सुटला. मी त्याला ताकाच्या पिशव्या दिल्या. हे त्याच्यावर रागावून आत गेले.

मोबाईल खिशात होता, तोही गेला. आमची मुलगी हबीबगंजकडे राहते, सरकारी ऑफिसात आहे. ऑफिसात पोचली की रोज बापाला फोन करते. फोन लागेना, म्हणून तिने मला लावला.

"आई, बाबांचा फोन बंद का आहे?"

"बुडाले होते. आता आंघोळ करतायत."

खोटं सांगून काय मिळतं मला कळत नाही. पण तेव्हा आणखी दोन वाक्यं आधी लावायला हवी होती, असं ती म्हणते. ऑफिस सोडून ती थेट घरीच आली. कॅरेट बघितलं, साखळी बघितली, कुलूप हातात धरून बघितलं. मग म्हणाली, "बाबा, होडी विकायची."

"मी पोहतो चांगला."

"तुम्ही पोहता. ही पेटी पोहत नाही." तिने तिथेच होडीचा फोटो काढला आणि मोबाईलवर विकायला टाकला. दुपारपर्यंत एकाने बघायला यायचं कबूलही केलं. येत्या रविवारी, सकाळी अकराला.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तर मीही तिला म्हटलं, बरं केलंस.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा हे दुकानात माझ्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, उलट्या कॅरेटवर बसलेले. उदास होते. पण उदास माणूस गप्प बसला असता. हे उदास असले की काम काढतात. साताच्या आत त्यांनी टेम्पोवाल्याला कॅरेट ओढत नेऊ नको म्हणून सुनावलं. साडेसाताला ठरवलं की पिशव्या रंगाप्रमाणे नाही, तारखेप्रमाणे लावायच्या. आठाला ती शेजारची सून आली आणि यांना बघून रस्त्यावरूनच परत फिरली. पैशांचा डबा बोलला. "ठीक है," हे म्हणाले.

आठ वाजून गेले तेव्हा माझं ठरलं होतं, होडी विकायची नाही.

मी मुलीला फोन केला. "त्यांना एक संधी दे."

"आई? तू बाबांच्या बाजूने बोलतेस? तू?"

"मी दुकानाच्या बाजूने बोलतेय."

तिला बापाचा स्वभाव ठाऊक आहे, तोच तिचाही आहे. कामाची चाचणी घेतल्याशिवाय पास करायचं नाही. म्हणाली, "ठीक आहे. रविवारी सकाळी धरणावर. काठाजवळ, कमरेपेक्षा थोड्या जास्त पाण्यात. माझ्यासमोर बाबांनी मुद्दाम होडी उलटी करायची आणि सगळ्या सामानासकट परत वर चढून बसायचं. जमलं तर होडी राहील. नाही जमलं तर अकराला तो माणूस तिथूनच घेऊन जाईल. आणि मग तू मला काही म्हणायचं नाही."

मी हो म्हटलं. हे कोपऱ्यातून ऐकत होते. "कॅरेटचं झाकण जरा पातळ पत्र्याचं करतो," म्हणाले.

"पत्रा नाही. पट्टी नाही, पाइप नाही, साखळी नाही. घरातलं लोखंड त्या होडीजवळ न्यायचं नाही."

"मग कुलूप कशाला लावू?"

"कुलूपही नाही. पाण्यात कोणी चोरलंच, तर मी नवीन घेऊन देईन."

कुलपाचं त्यांना सगळ्यांत वाईट वाटलं. ते दोन वेळा विचारायला आले, की छोटं पितळी चालेल का.

कांद्यांचं कॅरेट आता लोखंडात अडकलेलं होतं, ते राहू दिलं. मी लोणच्याच्या बरण्या खाली काढल्या आणि दह्याचं बुटकं कॅरेट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. न्हाणीघराचं काम झालं तेव्हाची प्लास्टिकची नळी गच्चीवर पडलेली होती. तिचे तुकडे मात्र मी केले नाहीत, ते काम त्यांचं. मापात, सरळ, कानशीने कडा घासून त्यांनी अशा सुरेख नळ्या केल्या की बघत राहावं. स्क्रूऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी नळ्या कॅरेटला आवळल्या. टेम्पोवाले कॅरेटची चळत अशाच पट्ट्यांनी बांधतात, हलत नाही आणि खणखणतही नाही. चारी कोपऱ्यांत मी रिकाम्या बाटल्या घट्ट बूच लावून कोंबल्या, म्हणजे कॅरेट तरंगेल. वर झाकणाऐवजी बटाट्याच्या जाळीदार पिशवीचं तोंड बांधलं. दुकानात गिऱ्हाइकं नेऊ नयेत म्हणून माझी कात्री आणि पेन दोरीला बांधलेलं असतं. तसं पकड, कात्री, गळांची डबी, सगळं दोरीने कॅरेटला बांधून टाकलं.

"हे कुलपापेक्षा बरं नाही का?" मी विचारलं.

"बरं आहे," म्हणाले, "पण व्यवस्थित वाटत नाही."

एवढं करूनही माझ्या मनाला पटेना. होडी उलटली ती नुसती वजनाने नव्हे, हे मागे वळले म्हणून. ते परत वळणारच. म्हणून गुरुवारी सकाळी दुकानासमोरच्या फरशीवर पोती टाकली, पोत्यांवर होडी ठेवली, मागे कॅरेट लावलं आणि यांना होडीत बसवलं. एकीकडे मी दूध देत होते, एकीकडे सांगत होते.

"कात्री."

हे वळले, अख्खे. होडी कलंडली, एक हात फरशीला टेकला.

"बुडालात. आता गळ."

परत वळले.

"परत बुडालात."

दूध घ्यायला आलेल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. "मावशी, काकाजी कहाँ जा रहे हैं?" एकीने विचारलं.

"कहीं नहीं. यहीं बैठे हैं."

"तो चप्पू क्यों चला रहे हैं?"

यांनी खरंच वल्हं हातात धरलेलं होतं, हवेत मारत होते. मला हसू आलं, पण मी तोंड फिरवून पिशव्या मोजल्या. यांना एरवी चारचौघांत हसलेलं खपत नाही. त्या दिवशी खपलं. रविवार तोंडावर आला होता.

मग मला वाटलं, मी दुकानात कॅरेट कधी पाठीमागे ठेवते का? कधीच नाही. बसल्या जागी हात पोचेल असं पुढ्यात ठेवते, नाहीतर एवढ्या वर्षांत माझीच कंबर मोडली असती. मी कॅरेट उचललं आणि होडीत यांच्या दोन पायांच्या मधोमध, पावलांजवळ ठेवलं. दुधाचं उंच कॅरेट तिथे मावलं नसतं, वल्हं त्याला अडलं असतं. दह्याचं बुटकं, म्हणून बसलं.

"मोबाईलवर सगळ्यांचं मागे आहे," हे म्हणाले.

"त्यांच्या माना वळत असतील."

"पुढ्यात कॅरेट घेऊन मी भाजीवाल्यासारखा दिसतो."

"दिसा. कात्री."

त्यांनी हात पुढे केला आणि कात्री काढली. होडी हलली नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी मान न हलवता, म्हणजे हलतच नाही, नुसता हात वर करून नमस्कार घेतला. आणि मग शेजारची ती सून, जी रस्त्यावरून परत जायची, ती पुढे आली आणि "काकाजी, मछली मिले तो बताना" म्हणून दोन पिशव्या घेऊन गेली.

रविवारी मी दुकान लवकर बंद केलं. असं मी कधी करत नाही. मुलगी काठावर आमच्या आधी येऊन उभी होती. टॉवेल, कोरडे कपडे, ग्लुकोजचं पाणी, गळ्यात शिट्टी. ट्यूबवाल्यांना बातमी लागलेली. ते जाळी सोडून जवळ आले, तमाशा बघायला.

हे होडीत बसले, थोडं आत गेले आणि आमच्याकडे बघत थांबले. कारखान्यातलं यंत्र चालू करायच्या आधी वरिष्ठांच्या खुणेची वाट बघावी, तसे. मुलीने शिट्टी मारली. यांनी एका अंगाला झोकून दिलं आणि होडी पालथी पडली.

पहिल्यांदा जॅकेट वर आलं, मग हे आले. होडी त्यांनी कडेला धरून सरळ केली, या वेळी ती झालीही. कॅरेट सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं, ते होडीतच राहिलं. तिथवर सगळं ठीक. मग हे चढायला लागले. हात टेकून वर ओढलं, होडी त्यांच्याकडे झुकली आणि हे सुळकन परत पाण्यात. दुसऱ्यांदा अर्धे वर आले, पाय मारले, आणि होडीच परत अंगावर आली. मुलीने हात तोंडावर ठेवला. तिने घड्याळात बघितलं नाही, पण मला दिसलं की तिला बघायचं होतं.

हे होडी धरून धापा टाकत राहिले. चेहरा लाल. कारखान्यात कुणी यांना काम जमत नाही असं बघितलेलं नव्हतं, आणि इथे सगळा काठ बघत होता.

"अहो," मी ओरडले, "दम घ्या. घाई नाही. दुकान बंद करून आलेय मी."

"काका, हाथ से नहीं!" ट्यूबवाला ओरडला. "पेट के बल! पेट के बल चढ़ो, जैसे भैंस चढ़ती है!"

यांना भैंस म्हटलेलं आवडलं नसणार. पण त्यांनी दम घेतला, पाय मागे पाण्यावर सोडले, जोरात हाणले आणि पोटावर आडवे होडीवर पडले. होडी डुलली. हे तसेच पालथे, ओल्या पोत्यासारखे, थोडा वेळ पडून राहिले. मग हळूहळू कूस बदलली, पाय फिरवले, आणि उठून बसले. वल्हं होडीला दोरीने बांधलेलं, तेही हाताशी होतं.

ट्यूबवाल्यांनी आरोळी ठोकली. मी बसले. पाय दुखत होते.

मुलगी पाण्यात शिरली आणि तिने कॅरेट तपासायला घेतलं. पकड होती, कात्री होती, गळांची डबी होती. गळाला लावायचा पिठाचा गोळा विरघळला होता. त्यात माझा हिंग घातलेला होता हे मला तेव्हा वासावरून कळलं. मग तिने तळातून एक जाडजूड पाना बाहेर काढला.

"बाबा, हे काय आहे?"

"पाना."

"कशाला?"

"लागला तर."

"या होडीत नट कुठे आहे?"

हे होडीकडे बघत राहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. "नाहीये," म्हणाले. "पण मला काय माहीत वेळेला काय लागेल."

मुलगी एवढी हसली की पाण्यातच बसली. मग उठली, पाना माझ्याकडे फेकला आणि म्हणाली, "परत एकदा उलटी करा."

"झालं की!"

"एकदा जमणं म्हणजे जमणं नव्हे. तुम्हीच सांगायचात."

ते त्यांना पटलं. त्यांनी परत उलटी केली आणि या वेळी दुसऱ्याच खेपेला पोटावर चढून बसले. मुलीने शिट्टी मारली नाही, नुसती मान डोलावली.

होडी बघायला येणारा माणूस बरोबर अकराला काठावर आला. गाडीच्या टपावर दोऱ्या बांधून, बायकोला घेऊन. मुलीने त्याची माफी मागितली. तो चिडला नाही. कॅरेटकडे बघत राहिला, आणि म्हणाला, हे पुढे का ठेवलंय? चुकीच्या माणसाला विचारलं. यांनी त्याला वजन, तोल, मान, नळीचा व्यास, सगळं सांगितलं, तेही ओल्या कपड्यांत. कुलपाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याची बायको माझ्याशेजारी बसली. मी तिला विचारलं, "तुम्हाला होडी हवी होती का?" ती म्हणाली, "मुझे तो संडे चाहिए था, आंटी. ये घर पर रहते हैं तो अलमारियाँ खोलकर बैठ जाते हैं." मी तिला ताक दिलं. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरी होडी कुठूनशी मिळवली आणि कॅरेट मागायला माझ्या दुकानात आला. मी सांगितलं, ही डेअरीची आहेत, मिळायची नाहीत. भंगारवाल्याकडे बघा.

जायच्या आधी मुलीने एक अट घातली. एकटं जायचं नाही, ट्यूबवाले पाण्यात असतील तेव्हाच जायचं. हे लगेच कबूल झाले. मग ती माझ्याकडे वळली. "आणि आई, तू त्यांच्याबरोबर जात जा."

"मी? मला पोहता येत नाही. मी काठावरून काय करणार, बघणार?"

"मग आम्हाला कळणार कसं बाबा परत आले की नाही?"

त्याचा विचार मी तिथे बसल्या बसल्या केला. माझ्या दुकानात किती कॅरेट गेली आणि किती परत आली हे मला रोज कळतं. त्यात विशेष काही नाही. रिकामं परत आल्याशिवाय भरलेलं मिळत नाही. तर मी म्हटलं, जॅकेट दुकानात राहील. माझ्या बाजूच्या भिंतीला खिळा ठोकून. हे सकाळी येतील, जॅकेट घेऊन जातील, आणि परतताना आधी दुकानात येऊन जॅकेट खिळ्याला लावतील, मग घरी. नवाच्या पुढे खिळा रिकामा दिसला तर मी ट्यूबवाल्याला फोन करीन. जॅकेट नसेल तर होडी नाही.

तेव्हापासून तसंच चाललंय. आठवड्यातले चार दिवस हे धरणावर असतात. मुलगी रविवारी येते, काठावर बसते, आणि मधेच बापाला बोलावून होडी स्वतः घेऊन जाते. तिला गळाला अजून काही लागलेलं नाही. यांना लागतं. कधी रोहू, कधी तिलापिया. पिशव्या दुकानात मी माझ्या पद्धतीने लावते. उंच मांडणी मी कापून घेतली, तीही यांच्याकडूनच. कांद्यांना अजून कॅरेट मिळालेलं नाही. ते पोत्यातच आहेत.

एकच गोष्ट ऐकत नाहीत. नवाच्या आत येतात, मासे दाखवतात, गिऱ्हाईक असेल तर त्यालाही दाखवतात, आणि पाणी गळणारं जॅकेट खिळ्याला न लावता माझ्या काउंटरवर ठेवतात. नोटा भिजतात. मी रोज ओरडते. हे म्हणतात, परत आणून दिलं ना, लाव तू.